शाळेचा एक दिवस मुलाच्या हाती कसा द्यायचा: बडोद्यातल्या प्राथमिकच्या पालकांसाठी

सकाळी पावणेसातला दांडिया बाजारात उभं राहिलं की रोज एकच चित्र दिसतं. रिक्षावाले काका खालून हॉर्न देताहेत, आई वेणी घालता घालता तोंडात घास कोंबतेय, बाबा दप्तर खांद्याला अडकवून जिना उतरताहेत, आजी पाण्याची बाटली शोधतेय. आणि जिची शाळा आहे ती मधोमध उभी, अर्धवट झोपेत. शाळा तिची, पण दिवस मात्र बाकीच्यांच्या हातात.

मी बत्तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातली निम्म्याहून जास्त पहिली-दुसरीला. आता घरात नात चौथीत आहे आणि नातू दुसरीत. इतक्या मुलांचे दिवस बघून माझी एक गोष्ट पक्की झाली आहे. पहिली ते पाचवी ही पाच वर्षं म्हणजे दिवस मुलाच्या हाती सोपवण्याची वर्षं. पहिलीत आपण करायचं आणि त्यानं बघायचं. तिसरीत दोघांनी मिळून करायचं. पाचवीत त्यानं करायचं आणि आपण नुसतं लक्ष ठेवायचं. एका वेळी एकच काम सोपवायचं, ते अंगवळणी पडायला तीन-चार आठवडे द्यायचे, मगच पुढचं. खाली मी सकाळच्या पाळीचा दिवस धरला आहे, म्हणजे सातच्या सुमाराला शाळा आणि बारा-साडेबाराला घरी. दुपारच्या पाळीवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

१. दप्तर आदल्या रात्रीच भरायचं

शाळेचा दिवस आदल्या संध्याकाळी सातला सुरू होतो. वेळापत्रक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, आपल्या नव्हे. पहिली-दुसरीच्या मुलाला विषयांची नावं भराभर वाचता येत नाहीत, म्हणून प्रत्येक विषयाला एक रंग ठरवा: वेळापत्रकावर त्या रंगाचा ठिपका, वहीच्या पाठीवर त्याच रंगाची पट्टी. मग सोमवारच्या रांगेत लाल, निळा, हिरवा दिसला की मूल स्वतः त्या तीन वह्या काढतं. माझ्या नातवाला हे दोन आठवड्यांत जमलं, आणि तो काही फार शिस्तीचा मुलगा नाही.

आता वजनाचं. केंद्र सरकारचं २०२० चं शालेय दप्तर धोरण सांगतं की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं. पहिली-दुसरीसाठी ते १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो असं देतं. म्हणजे २० किलोच्या मुलाच्या पाठीवर २ किलो. एकदा आपल्या घरचं दप्तर काट्यावर ठेवून बघाच. घरात काटा नसेल तर खालच्या किराणावाल्याकडे टांगा. बहुतेक वेळा दोन गुन्हेगार सापडतात. एक म्हणजे कार्टूनचं चित्र असलेलं, कडक पाठीचं, रिकामंच जड असलेलं दप्तर. दुसरी एक लिटरची भरलेली बाटली, जिचं एकट्या पाण्याचंच वजन एक किलो. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्धी बाटली देऊन पुन्हा भरायला शिकवा. उन्हाळ्यात मात्र पूर्ण भरूनच द्या, त्यासाठी एखादी वही कमी गेली तरी चालेल.

मुलाच्या हाती काय द्यायचं? पहिलीत फक्त कंपासपेटी: दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आहेत का, ते त्यानं बघायचं. दुसरीत वह्या. तिसरीपासून सगळं दप्तर. तुम्ही चेन लावू नका. चेन त्यानंच लावायची, कारण चेन लावणं म्हणजे "झालं, माझं भरून झालं" असं म्हणणं. एखाद्या दिवशी वही राहिली तर राहू दे. ती द्यायला दुपारी धावत शाळेत जाऊ नका. प्राथमिकात वही विसरण्याची किंमत फार तर दोन शब्द ऐकण्याइतकी असते, आणि ती मुलानं स्वतः मोजली की पुढच्या वेळी वही विसरत नाही.

२. झोप: इथे तडजोड नाही

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचं तर रात्री नऊला डोळे मिटलेले हवेत, म्हणजे साडेआठला दिवा मंद. बडोद्यात हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. इथली जेवणं उशिरा होतात, जेवल्यावर आइस्क्रीमला किंवा सूरसागरच्या काठी फेरफटका मारायला जायची सवय असते. मोठ्यांचं चालू दे. मुलाचं ताट मात्र सव्वासातला वाढा, मग सगळ्यांबरोबर पंगतीला बसला नाही तरी चालेल. वर्गात पहिल्या तासाला कोण पेंगतंय हे बघून मला त्या घरातलं जेवण किती वाजता होतं ते सांगता यायचं.

झोपायच्या आधी एक तास मोबाइल आणि टीव्ही बंद. हा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू करा, निदान त्या खोलीपुरता.

३. उठणं, आवरणं

सहाला उठवायचं तर पावणेसहाला खोलीतला दिवा लावा आणि हाका न मारता निघून जा. जानेवारीत बडोद्यात सूर्य सातनंतरच उगवतो, त्यामुळे मुलाच्या शरीराला सकाळ झाल्याचं कळायला दुसरं काही साधन नसतं. दिवा लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत झोप आपोआप उथळ होते आणि मग एकाच हाकेत मूल उठतं.

शौचाला बसायला पुरेसा वेळ ठेवा. हे लिहायला कुणाला आवडत नाही, पण मी शिक्षिका म्हणून सांगते, पहिली-दुसरीतल्या पोटदुखीचं मोठं कारण हेच असतं. सकाळी घाईत राहून जातं, शाळेतल्या संडासात जायला मूल बिचकतं, पाच-सहा तास दाबून धरतं. कोमट पाणी प्यायल्यावर दहा मिनिटं बसण्याची सवय लावा, झालं नाही तरी बसायचं. चड्डी किंवा पँट इलॅस्टिकची द्या. हुक आणि बटण असलेली पँट सहा वर्षांच्या मुलाला घाईत उघडत नाही, आणि मग जे होतं त्याची लाज मूल वर्षभर विसरत नाही.

दात घासणं मुलाच्या हाती देऊ नका, इतक्या लवकर तरी नको. साधारण सहाव्या वर्षी मागच्या बाजूला चार नव्या दाढा येतात. त्या कायमच्या असतात, पण कोणताही दुधाचा दात न पडता येत असल्यामुळे पालकांना त्या दुधाच्याच वाटतात. तिथपर्यंत मुलाचा ब्रश पोचत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी फिरवायचा, सकाळचा त्यानं.

गणवेश, मोजे, रुमाल रात्रीच खुर्चीवर एकावर एक ठेवा, ज्या क्रमानं घालायचे त्या क्रमानं. बुटांना पहिलीत वेल्क्रो असू दे. लेस बांधायला दुसरीच्या दिवाळीच्या सुट्टीत शिकवा, तेव्हा शिकवायला निवांत वेळ असतो. रोज सकाळी दारात वाकून लेस बांधून देणं म्हणजे ती कधीच न शिकवणं.

४. नाश्ता, आणि डबा (डब्याचं जरा सविस्तर)

सकाळी सव्वासहाला पोटभर खाणं मुलांना जात नाही. जबरदस्ती करू नका. एक केळं, किंवा दुधाबरोबर सुखडीची एक वडी. कणीक, तूप आणि गूळ, तीनच जिनसांची ही गुजराती सुखडी आम्हा बडोद्याच्या मराठी घरांत कधीच आपली झाली आहे. रविवारी केलेली आठवडाभर पुरते. खरा नाश्ता म्हणजे मधल्या सुट्टीतला डबा, म्हणून डब्याकडे जास्त लक्ष द्या.

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हाची गोष्ट. आठवडाभर तिचा डबा जसाच्या तसा परत यायचा. मी आधी समजावलं, मग रागावले, मग डब्यात रोज काहीतरी वेगळं घातलं. थेपले, पोहे, गोड शिरा, सगळं परत. शुक्रवारी संध्याकाळी मी तिला समोर बसवून म्हटलं, "आता इथेच खा, मी बघते." तिनं डबा मांडीवर घेतला, दोन्ही अंगठ्यांनी झाकण वर ढकललं, बोटं पांढरी पडली, झाकण हललं नाही. नवा कोरा स्टीलचा डबा, झाकणाला आतून रबराची कडा. तिला तो उघडतच नव्हता, आणि बाईंना सांगायची तिला भीती वाटत होती. शेजारची मुलं जेवायची आणि ही बंद डबा घेऊन बसायची. मी स्वतः वर्गात दुसऱ्यांच्या मुलांचे डबे उघडून देत होते आणि माझ्या मुलीला पाच दिवस उपाशी ठेवून वर तिलाच बोलत होते. ते मला आजही लागतं.

म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी हा सराव घरी कराच. मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवा, डबा मांडीत द्या, टेबलावर नको, कारण शाळेत टेबल असेलच असं नाही. पाण्याची बाटली, डबा, रुमाल, तिन्ही गोष्टी स्वतः उघडायच्या, खायचं, पुसायचं, बंद करायचं, पिशवीत ठेवायचं. पंधरा मिनिटांत व्हायला हवं, मधल्या सुट्टीतून हात धुण्याचा आणि बाथरूमचा वेळ वजा केला की तेवढाच उरतो. आणखी एक: गरम पोळी-भाजी घालून लगेच झाकण लावलं की आतली हवा थंड होताना आक्रसते आणि झाकण चिकटून बसतं. मग मोठ्यांनाही जोर लावावा लागतो. भरल्यावर दहा मिनिटं डबा उघडा ठेवा.

डब्यात काय द्यायचं याचा माझा नियम साधा आहे: हातानं तुटेल, सांडणार नाही, गार झाल्यावरही गिळवेल. थेपला आणि घट्ट दही नको, दही सांडतं, त्याऐवजी छुंदा. मेथीचे मुठिये, रव्याचे आप्पे, डाळ घातलेला हांडवो, तूप-गूळ लावलेली पोळी गुंडाळून, शेंगदाण्याची चिक्की, कोथिंबीर वडी. नुसते पोहे किंवा मुरमुरे देऊ नका, त्यात डाळ, शेंगदाणे किंवा पनीर पडू दे. एक माप लक्षात ठेवायला सोपं आहे. सरकारी शाळांतल्या मध्यान्ह भोजनात, म्हणजे आताच्या पीएम पोषण योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत. तो हिशेब पूर्ण जेवणाचा. मधल्या सुट्टीतला डबा त्याच्या निम्मा असला की पुरे, कारण साडेबाराला घरी जेवण आहेच. शाळेचे डब्याबद्दल काही नियम असतील तर वर्गशिक्षिकेला आधीच विचारून घ्या.

डबा परत आला की "का नाही खाल्लंस?" म्हणू नका. "कुणाबरोबर बसलास?" असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

५. जाणं-येणं

रिक्षा किंवा व्हॅन ठरवताना एक दिवस स्वतः खाली उभं राहून मुलं मोजा. पुढे चालकाच्या शेजारी मुलं बसत असतील, दप्तरं बाहेर लटकत असतील, तर दुसरी बघा, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी. काकांचा नंबर तुमच्याकडे असतोच, पण तुमचा नंबर मुलाला तोंडपाठ असू दे. दहा आकडे गाण्यासारख्या चालीवर दोनेक आठवड्यांत पाठ होतात. त्याबरोबर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांकही. आणि घरातला एक शब्द ठरवा: तुमच्याऐवजी दुसरं कुणी न्यायला आलं तर तो शब्द सांगितल्याशिवाय त्याच्याबरोबर जायचं नाही. शेजारी असोत की मामा, नियम तोच.

६. शाळेतले तास

प्रार्थना, हजेरी, पस्तीस-चाळीस मिनिटांचे तास, मधली सुट्टी, पुन्हा दोन-तीन तास. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलेलं आहे. भागून बघा, दिवसाला चार तास झाले. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हे पुष्कळ आहे. घरी आल्यावर त्यावर आणखी दोन तास शिकवणीचे चढवायचं कारण नाही.

शाळेत जाण्याआधी मुलाला तीन वाक्यं शाळेच्या भाषेत आली पाहिजेत. मराठी मुलं पहिल्या महिन्यात गप्प बसतात ती बहुतेक याच्यावरून. गुजराती माध्यमात बाईंना "बेन" म्हणतात. म्हणून: "बेन, पाणी पीवा जाउं?" "बेन, मने समजायुं नहीं." "बेन, मने पेटमां दुखे छे." इंग्रजी माध्यम असेल तर हीच तीन इंग्रजीत. घरी नाटक करा, तुम्ही बेन व्हा, मूल हात वर करू दे. हात वर करणंही शिकवावं लागतं. नुसतं बोलता येणं आणि चाळीस मुलांच्या वर्गात हात वर करून बोलणं यांत फार अंतर आहे.

हजेरीबद्दल कडक राहा. चुलत मामेभावाच्या लग्नाला चार दिवस, पुण्याला जायचंय म्हणून शुक्रवार-शनिवार, असं करत वर्षातले वीस-पंचवीस दिवस सहज जातात. पहिलीत जोडाक्षरं ज्या आठवड्यात शिकवली त्याच आठवड्यात मूल गावाला गेलं, की ती पोकळी तिसरीपर्यंत दिसते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरुवात करून १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होत असे. ज्या शहरात ही गोष्ट झाली तिथे आपण मुलाची शाळा हौसेनं बुडवू नये असं मला मनापासून वाटतं.

७. घरी आल्यावरचा पहिला तास

साडेबाराला मूल दारात येतं. या तासात काहीही शिकवायचं नाही, विचारायचं नाही, वही उघडायची नाही. बूट जागेवर, डबा आणि बाटली ओट्यावर, हात-पाय धुवायचे, कपडे बदलायचे, जेवायचं. जेवणाआधीची ही चार कामं पहिलीच्या मुलालाही सोपवता येतात, फक्त रोज त्याच क्रमानं व्हायला हवीत. माझ्या नातवाला मी शब्दानं सांगत नाही, ओट्यावर बोटानं टकटक करते, तो डबा आणून ठेवतो.

"आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाला सगळ्या मुलांचं उत्तर एकच, "काही नाही." खूप मोठा प्रश्न आहे तो. जेवताना लहान, पकडता येईल असं विचारा. शेजारी कोण बसलं होतं? बेननी कुणाचं कौतुक केलं? रिक्षात आज खिडकी कुणाला मिळाली? बोलायला सुरुवात झाली की आपण गप्प राहायचं. मुलं महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतात, बहुधा आपण उठायला लागलो की.

जेवणानंतर तासभर झोप, निदान आडवं पडणं. दीड तासाहून जास्त झोपलं तर रात्री नऊचं गणित बिघडतं.

८. लेसन

गृहपाठाला इथे सगळे लेसन म्हणतात, आम्हीही. वर सांगितलेलं दप्तर धोरण दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हणतं आणि तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. प्रत्यक्षात शाळा त्याहून जास्त देतात. तुमच्या दुसरीतल्या मुलाला रोज चार पानं लिहायची असतील तर वाली मीटिंगमध्ये, म्हणजे पालकसभेत, शांतपणे विचारा. बाकीच्या पालकांनाही तेच विचारायचं असतं, फक्त सुरुवात कुणीतरी करायला हवी.

वेळ ठरलेली, चारच्या सुमाराला. जागा ठरलेली, टीव्ही नसलेल्या खोलीत. पहिली-दुसरीला वीस मिनिटं, चौथी-पाचवीला चाळीस. तुम्ही शेजारी बसा, पण स्वतःचं काम घेऊन. भाजी निवडा, हिशेब लिहा. त्याच्या वहीत डोकं घालू नका.

एक कळकळीची विनंती: मुलाच्या चुका खोडून दुरुस्त करून पाठवू नका. शिक्षिकेला वही सगळी बरोबर दिसली की ती पुढचा धडा घेते. मुलाला हातच्याची बेरीज येत नाही हे तिला कळायचा एकमेव रस्ता तुम्ही बंद केलेला असतो. चूक तशीच जाऊ दे, बाजूला पेन्सिलनं एवढंच लिहा, "इथे अडला."

गुजराती लिपी शिकणाऱ्या आपल्या मुलांची एक खास अडचण सांगते, ती मी शेकड्यांनी वह्यांत पाहिली आहे. गुजरातीतला "र" आणि २ चा अंक जवळजवळ सारखे दिसतात, "प" आणि ५ चा अंकही. अक्षरांवर रेघ नसल्यामुळे शब्द कुठे संपला आणि अंक कुठे आला ते मुलाला कळत नाही, आणि गणितात २५ च्या जागी भलतंच काहीतरी वाचलं जातं. उपाय: गणिताच्या वहीत चौकोनांची पानं, एका चौकोनात एकच अंक. शब्द लिहिताना दोन शब्दांत बोटाएवढी जागा, खरोखर डाव्या हाताचं बोट ठेवून.

पाढ्यांचं मात्र सुख आहे. "बे एके बे, बे दुणे चार" मधला बे गुजरातीतही बेच आहे, तिथे "बे एका बे, बे दु चार" म्हणतात. तरी एका वर्षात एकाच भाषेत पाढे पाठ करून घ्या, शाळेत ज्या भाषेत घेतात त्याच. आजीच्या पद्धतीनं मराठी आणि शाळेच्या पद्धतीनं गुजराती एकदम सुरू केले तर मूल सातच्या पाढ्यात एका भाषेतून दुसरीत घसरतं.

शिकवणी? पाचवीपर्यंत नको, असं माझं मत. तिसरीच्या शेवटी मुलाला सोपा परिच्छेद समजून वाचता येत नसेल, वजाबाकी अडत असेल, तर वर्गशिक्षिकेला भेटा आणि नेमकं काय राहिलं ते लिहून घ्या. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेतही तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्कं करण्याचंच लक्ष्य आहे. नेमकं काय राहिलं ते कळलं की रोजची पंधरा मिनिटं घरच्या घरी पुरतात.

९. साडेपाच ते सात: हा वेळ त्याचा

रोज किमान एक तास घाम येईल असं खेळणं हवं. जागतिक आरोग्य संघटनाही पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी तेवढंच सांगते. एप्रिल-मे मध्ये साडेपाचलाही ऊन भाजतं, तेव्हा सहानंतर. सोसायटीच्या आवारात, वाड्याच्या चौकात, कुठेही, पण दुसऱ्या मुलांबरोबर. ज्यांना शिस्तीचा व्यायाम आवडतो त्यांच्यासाठी दांडिया बाजारातला माणिकरावांचा आखाडा आहे. रविवारी कमाटीबाग. या वेळात क्लास घालायचा मोह होतो: अबॅकस, चित्रकला, की-बोर्ड. एखादा, आठवड्यातून दोन दिवस, मुलानं मागितला तर. बाकीचे दिवस मोकळे ठेवा. खेळात कोण आउट यावर भांडण झालं तर गॅलरीतून निकाल देऊ नका. ते भांडण मिटवणं हाच त्या तासाचा अभ्यास.

१०. झोपताना पंधरा मिनिटं मराठी

गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती सगळ्या शाळांत सक्तीची आहे, मग बोर्ड कोणतंही असो. ते योग्यच आहे, इथे राहायचं तर इथली भाषा यायलाच हवी. हिंदी, इंग्रजीही शाळेतून येते. मराठी तेवढी येत नाही, मराठी माध्यमाची शाळा सोडली तर. ती फक्त घरातून येईल, आणि त्यासाठी वेगळा वर्ग लागत नाही, दिवा मंद करायच्या आधीची पंधरा मिनिटं लागतात.

पहिली-दुसरीत फक्त वाचून दाखवा, बोट शब्दांखाली फिरवत. गुजराती लिपी पक्की होईपर्यंत देवनागरी लिहायला लावू नका. एकाच वेळी दोन लिप्या हातात दिल्या की दोन्ही कच्च्या राहतात. शाळेत हिंदी सुरू झाली की देवनागरी तिथून मिळते, मग मराठी वाचन आपोआप सोपं होतं. "ळ" ची चिंता नको, गुजरातीत तो आहेच, म्हणून आपली मुलं "बाळ" आणि "काळा" छान म्हणतात. अडतं ते "च" आणि "ज" पाशी. "चंद्र" मधला च आणि "चाक" मधला च वेगळे, हे बडोद्यात वाढलेल्या मुलाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. चाक, चूल, जाळं, झाड असे दहा शब्द मोठ्यानं म्हणायचा खेळ करा. उच्चार चुकला म्हणून घरच्यांनी हसू नका. एकदा हसलात की मूल मराठी बोलणं सोडून गुजरातीत उत्तर देऊ लागतं, आणि परत वळवायला वर्षं जातात.

पुस्तकांसाठी मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १९१० मध्ये सुरू झालेलं. तिथे मराठी पुस्तकंही मिळतात. महिन्यातून एकदा मुलाला घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या.

दुपारची पाळी असेल तर

बाराच्या सुमाराला शाळा आणि पाचला सुटका, असा दिवस असेल तर सगळं उलटं फिरवा. झोप तेवढीच, उठणं सातला. लेसन सकाळी नऊ ते साडेनऊ, डोकं ताजं असताना. त्यानंतर खेळ. अकराला पूर्ण जेवण, डब्यात हलकं काहीतरी. या पाळीचा धोका सकाळचा टीव्ही आहे. आठला सुरू झाला की अकरापर्यंत बंद होत नाही. संध्याकाळी साडेपाचला घरी आलेलं मूल थकलेलं असतं, त्याला खायला द्या आणि खाली पाठवा.

ज्या दिवसांत घडी मोडते

नवरात्रात बडोद्यात लवकर झोपवणं जवळजवळ अशक्य आहे, आणि गरबा मुलांनी बघू नये असं मी म्हणणार नाही. त्या नऊ रात्रींत दुपारची झोप दोन तासांची करा, दप्तर दुपारीच भरून ठेवा, आणि एक दिवस आड साडेनऊला घरी या. उत्तरायणाला मांजाच्या चिरा बोटांवर पडतात, त्यामुळे सुट्टीनंतर दोन-तीन दिवस पेन्सिल धरवत नाही. वहीत तसं लिहून पाठवा.

पावसाळ्याचं गंभीरपणे घ्या. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं आणि अर्धं शहर बुडालं. शाळेच्या सूचनेची वाट न बघता, रस्त्यावर गुडघाभर पाणी दिसलं की मुलाला घरी ठेवा. हजेरीबद्दल मी वर जे लिहिलं ते अशा दिवसाला लागू नाही. साचलेल्या पाण्यात उघडी गटारं असतात, आणि नदीला पूर आला की मगरी वस्तीत येतात, हे इथल्या प्रत्येक मुलाला घाबरवून नव्हे तर समजावून सांगायला हवं: पाण्यात पाय घालायचा नाही, शाळेतच थांबायचं, घरचं कुणी येईपर्यंत. दप्तरात एक मोठी प्लास्टिकची पिशवी कायम असू दे, वह्या त्यात सरकवायला. ती पिशवी घडी करून कोणत्या कप्प्यात ठेवायची, ते मुलाला ठरवू द्या. म्हणजे लागेल तेव्हा ती त्यालाच सापडेल.